दहा वाजून अकरा मिनिटं

कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लावतो, एवढीच तक्रार घेऊन मी मंगळवारी दुपारी रश्मीच्या दुकानात गेले. दुसरं काही डोक्यात नव्हतं. बोरिवलीहून गोराई खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं रिपेरिंगचं दुकान आहे. बाई एकटी चालवते, आणि ओठांत स्क्रू धरून बोलते.

"किती वेळ लावतो?"

"ठरलेलं नाही. काल नऊ पंचावन्नला लावला तर सोळा मिनिटं. आज शहाणपणा करून साडेनऊलाच लावला, तर एक्केचाळीस."

तिने मनातल्या मनात बेरीज केली आणि स्क्रू तोंडातून काढला. "म्हणजे दोन्ही दिवस उघडला दहा अकराला."

"हो."

"बरोब्बर?"

"बरोब्बर. म्हणून तर आले ना तुझ्याकडे."

माझी घाई तिला कळावी म्हणून मी सगळं सांगून टाकलं. एका पॅथॉलॉजी लॅबने मला घरबसल्या काम दिलं होतं. फोनवर लोकांच्या रक्ततपासणीच्या वेळा लिहून घ्यायच्या. सोमवारपासून सुरुवात. दहाला हजेरी, दहा दहापर्यंत सवलत, त्यानंतर लेट मार्क. पहिल्या महिन्यात तीन लेट मार्क झाले की घरी. त्यांचं सॉफ्टवेअर त्यांनी आमच्याच मशीनवर बसवून दिलेलं, दुसरीकडे चालत नाही. दोन दिवसांत माझे दोन लेट मार्क झाले होते. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि ही माझ्या नावावरची पहिली नोकरी. ती अशी पडद्यावर गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत घालवायची माझी तयारी नव्हती.

रश्मी संध्याकाळी चारला घरी आली. आमचं घर पहिल्या मजल्यावर, समोर नवा टॉवर उभा राहिल्यापासून दिवसाही दिवा लावावा लागतो. ओहोटी असली की खाडीचा वास खिडकीतून आत येतो आणि पडद्यांत राहतो. कोपऱ्यातलं टेबल, खुर्ची आणि कॉम्प्युटर माझ्या सासऱ्यांचे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. ते जाऊन सव्वा वर्ष झालं.

तिने मशीन उघडलं, ओंजळभर धूळ काढली, जुनी डिस्क काढून नवी वेगवान बसवली. सुरू होताना आपोआप चालणारे प्रोग्रॅम असतात, त्यांची यादी काढून बारा बंद केले. "लग्नाला एवढे पाहुणे कोणी बोलावले होते?" म्हणाली. मग घड्याळ लावून मशीन सुरू केलं. एकोणीस सेकंद. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. एकोणीस.

"झकास," मी म्हटलं.

ती मात्र खूश दिसेना. मशीन स्वतःच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतं, ती नोंद तिने उघडली आणि बराच वेळ वाचत बसली.

"नलिनी, हे आधीसुद्धा हळू नव्हतं गं. आज सकाळी नऊ एकतीसलाच तयार होऊन बसलेलं होतं. मग नऊ पन्नासला कोणीतरी लॉगिन केलं. दहा अकराला बाहेर पडलं. सोमवारी तू लावल्या लावल्या लॉगिन, आणि बाहेर दहा अकरालाच." तिने आवाज खाली आणला. "मशीन फास्ट आहे. तुझ्या आधी कोणीतरी बसतं."

"कोण?"

"खात्याचं नाव भाऊ."

ते खातं वर्षश्राद्धानंतर नितेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माझ्यासमोर पुसलं होतं. मी तसं सांगितलं. रश्मीने खात्यांची यादी दाखवली. यादीत ते खातं नव्हतंच. नोंदीत मात्र होतं.

स्वयंपाकघराच्या दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्या कुणालाच काही न विचारता आपल्या मालवणीत म्हणाल्या, "रवांदे गो. तेंचो टायम झालो की ते आपसूक उठतले."

आता भाऊंबद्दल सांगायला हवं. आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर गोरेगावच्या एका कारखान्यात ते हजेरी क्लार्क होते. नऊ पन्नासला गेटवरच्या टेबलाशी बसायचे, समोर मस्टर आणि लाल पेन्सिल. दहाचा भोंगा, दहा मिनिटं सवलत, अकराव्या मिनिटाला रेघ. समोर सख्खा भाऊ असला तरी रेघ. निवृत्त झाले आणि कारखाना घरी घेऊन आले. माझ्या हातून चहाला उशीर झाला की, "नलिनी, रेघ," एवढंच म्हणायचे. मी नोकरीचं नाव काढलं तेव्हा म्हणाले होते, "सुनेचं नाव घराच्या मस्टरवर असतं. एक माणूस दोन मस्टरवर नसतो." ते होते तोवर मी गप्प बसले, ते वयाला मान द्यायचा म्हणून. त्या माणसाला मेल्यावरही मान द्यायचा म्हणजे अतीच झालं.

"रात्रभर चालूच ठेव," रश्मी जाताना म्हणाली. "सकाळी मी येते."

मी चालू ठेवलं. सकाळी उठले तर बंद. बटण दाबलेलं नव्हतं, भिंतीवरचा स्विच चालू होता. नितेशला सांगितलं, तर डबा पिशवीत टाकत तो म्हणाला, "सोड ना यार ती नोकरी. कशाला वाट लावून घेतेस डोक्याची?" आणि आठ पाचला कामावर निघून गेला. चपला घालायची एवढी घाई करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

साडेनऊला रश्मी आली. मशीन लावलं. चक्र फिरायला लागलं. आम्ही दोघी उभ्याच होतो. खुर्चीत बसायचं कुणी सुचवलंही नाही. बाहेर ओहोटी होती, चिखलाचा वास घरात भरला होता. नऊ पन्नासला तो वास गेला आणि निलगिरीच्या तेलाचा वास आला. भाऊ गुडघ्यांना लावायचे ते.

मग खुर्चीची गादी दबली. हळूच... माणूस आधी टेकतो आणि मग भार देतो, तशी.

"मी हे काम करत नाही गं," रश्मी पुटपुटली. पण दारापर्यंत जाऊन थांबली. सासूबाई देवापाशी हात जोडून बसल्या होत्या.

"रश्मी, ऐकू येतंय?" मी विचारलं.

"हो... पेन्सिल."

टेबलावर पेन्सिलीचं मागचं टोक ठक... ठक... वाजत होतं. भोंग्याची वाट बघताना वाजवायचे तसं. खोटं कशाला सांगू. घाबरले होते. पण त्या ठकठकीने भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. इतक्या वर्षांचा चहा वर आला.

भाऊंची एक बढाई होती. जेवताना हमखास सांगायचे. "चाळीस वर्षांत एक खोटी रेघ मारली नाही. वेळेत गेटवर उभा राहून जो हजर म्हणाला, तो हजर. मग तो माझा दुश्मन का असेना."

घड्याळात नऊ छप्पन झाले होते. मी पुढे झाले आणि खुर्चीची पाठ धरली. लाकूड बर्फासारखं गार होतं.

"भाऊ," मी म्हटलं. आवाज चिरका आला, म्हणून पुन्हा म्हटलं. "भाऊ, नलिनी नितेश परब. हजर."

ठकठक थांबली.

"साडेनऊपासून इथे उभी आहे. दोन साक्षीदार आहेत. दहा वाजायचेत अजून. खोटी रेघ मारायची असेल तर मारा, मी अडवत नाही. पण मग चाळीस वर्षांचं पुन्हा तोंडातून काढायचं नाही."

चक्र फिरत होतं. नऊ सत्तावन्न... अठ्ठावन्न...

"आणि उठा आता. माझी कामाची वेळ झाली."

सासऱ्यांना उठा म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. देवापाशी सासूबाईंचा श्वास अडकल्याचं मला इथवर ऐकू आलं. मग गादी सावकाश वर आली. चक्र थांबलं आणि पडदा उजळला. नऊ अठ्ठावन्न. मी बसले. गादी गरम होती, तरी बसले. दहाला माझी हजेरी लागली आणि दहा दोनला दहिसरच्या एका बाईंचा साखरेच्या तपासणीसाठी फोन आला. मी कामाला लागले.

गुरुवारी मशीन एकोणीस सेकंदांत सुरू झालं. आज शुक्रवारीही. रश्मीने फोन करून दोन्ही दिवस विचारलं, मी आकडा सांगितला. ती फार वेळ हसत होती. सासूबाई आज दुपारी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. असं कधी झालं नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण संध्याकाळी मला जोर आला. म्हटलं, टेबलावरच्या फळीवर भाऊंचं जुनं मस्टर धूळ खात पडलंय, ते रद्दीत घालू. काढलं, चाळलं. कारखान्यातली नावं संपली, पुढे कोरी पानं. शेवटून तिसऱ्या पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात माझं नाव होतं. सौ. नलिनी नितेश परब. सोमवारी लाल रेघ. मंगळवारी लाल रेघ. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही घरांत ह, म्हणजे हजर. हिशोब चोख.

उद्याच्या शनिवारच्या घरातही रेघ होती, तिसरी. बोट फिरवलं तर बोटाला लाल लागलं.

भाऊंनी कधी खोटी रेघ मारली नाही, हे तुम्हाला सांगितलंच आहे. मीच त्यांना ते ऐकवलं होतं. मग उद्या दहा अकरापर्यंत असं काय होणार आहे, की मी त्या खुर्चीत नसेन? हाच प्रश्न मी संध्याकाळपासून चघळतेय. नितेशला पान दाखवलं नाही. सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते घर पाहिलं, मस्टर मिटलं आणि म्हणाल्या, "उद्या मी पण तुझ्यावांगडा बसतंय. बघूया कोण उठवता तां." वांगडा म्हणजे सोबत.

मग मी मस्टर उघडलं आणि त्या रेघेवर निळ्या पेनाने लिहिलं, हजर. दाबून लिहिलं, पान फाटेल इतकं.

हे बघा ते पान. दिव्याजवळ धरा. रेघ आधीची आहे आणि माझं अक्षर नंतरचं. तरी लाल वर आहे आणि निळं खाली. मघाशी, जेवणाआधी, तसं नव्हतं.

असू दे. पेनात अजून शाई आहे, आणि त्या खुर्चीत जाऊन बसायला गजर मी साडेआठचा लावलाय.