आठ बोल्ट, तीन वेळा सैल

मी सांगतेय ते घडलेलं आहे. खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे, पण माझी समजूत काढायला येऊ नका. वर्षभर लोक तेच करताहेत आणि आता माझं डोकं फिरतं.

गुरुवार होता. फेब्रुवारीची अकरा तारीख. वेळ सकाळी अकरा.

हो, सकाळी! बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं, डोळे दिपत होते. भुताला रात्रच लागते असं ज्यांनी ठरवलं, ते आमच्या केउरू गावच्या वर्कशॉपमध्ये कधी आले नसावेत.

मी तुइया. रॅलीच्या गाड्यांची इंजिनं जुळवते. आत कुठला पिस्टन, कुठला रॉड, कुठला बोल्ट घालायचा ते ठरवायचं आणि केसाच्या जाडीइतकाही फरक न ठेवता बसवायचं. हे काम मला कालेर्वो मामाने शिकवलं. आईचा सख्खा भाऊ. तिथल्या एकाच टेबलावर त्याने एकतीस वर्षं काढली.

मामाचा नियम होता. पिस्टनला इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, क्रँकशी, जोडणाऱ्या रॉडचे बोल्ट आवळायला घेतले की रेडिओ बंद, बोलणं बंद. ठरलेला जोर बसून पान्याने 'कट्ट' केलं की बोल्टच्या डोक्यावर पिवळा ठिपका. मध्येच कोणी हाक मारली, तर मामा चारही रॉडचे आठही बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

एकदा मी विचारलं, "मामा, कॉफी घेणार?"

त्याने मुकाट्याने आठही सैल केले आणि म्हणाला, "घेतो की. तुझ्या कृपेने आता वेळच वेळ आहे."

असा माणूस.

त्या फेब्रुवारीच्या आदल्या वर्षी मे महिन्यात आमचं एक इंजिन भर शर्यतीत फुटलं. रॉडचा बोल्ट गेला, रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला, तेल तापलेल्या नळीवर उडालं. गाडीने पेट घेतला. गाडी चालवणारा पेट्री वाचला. शेजारी बसून वाट सांगणारा त्याचा भाऊ वाचला नाही. सव्वीस वर्षांचा होता.

आमचा मालक केइयो तोंड वर करून म्हणाला, "म्हाताऱ्याकडून एक बोल्ट आवळायचा राहिला."

मामा म्हणाला, "ते इंजिन जुळवून शेवटी मी बंद केलेलं नाही."

त्यावर सगळे म्हणाले, बघा, याला आता आठवतही नाही!

चौकशीला आलेल्यांनी मला विचारलं, मामा हल्ली विसरतो का? मी हो म्हणाले. खाली सही केली. का? तर त्या महिन्यात तो दोनदा माझ्या घरी स्वतःची चावी विसरून गेला होता. चावी! एकतीस वर्षांत एक बोल्ट न विसरलेला माणूस, आणि मी त्याला चावीवरून विसरभोळा ठरवलं. अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मामाने परत पाना हातात धरला नाही. ऑक्टोबरमध्ये गेला. मधल्या पाच महिन्यांत मी त्याला भेटायला गेले नाही. तोंड नव्हतं मला.

फेब्रुवारीत केइयोने मला सुवी नावाच्या मुलीच्या गाडीचं इंजिन दिलं. शनिवारी तिची शर्यत. रॉड आणि बोल्ट खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेले.

"कोरे करकरीत आहेत," केइयो म्हणाला. "मोजत बसू नकोस. घाल आणि आवळ."

घालण्याआधी प्रत्येक बोल्टची लांबी मोजायची असते. मी मोजली नाही. घाई होती. दुसरं काही कारण नाही आणि मी शोधणारही नाही.

मंगळवारी आठही बोल्ट आवळले. माझे ठिपके पांढरे, ते दिले. हात धुवून आले, तर...

आठही सैल. नुसत्या बोटाने फिरत होते. ठिपके पुसलेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"केइयो, माझ्या इंजिनाला हात कोणी लावला?"

"मला काय दुसरे धंदे नाहीत? विसरली असशील आवळायला." मग दात काढून म्हणाला, "घराण्यातच आहे ते तुमच्या. मामावर गेलीस."

बुधवारी पुन्हा आवळले. दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात. दहा मिनिटांनी आत आले.

पुन्हा... आठही सैल.

मला खात्रीच पटली की केइयोकडे दुसरी किल्ली आहे आणि तो मला वेडी ठरवतोय. जसं मामाला ठरवलं तसं.

आमच्याकडे अकरालाच जेवतात, पण त्या गुरुवारी म्हणूनच मी जेवायला गेले नाही. केइयो पेट्रोल पंपावरच्या खानावळीत वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक खायला गेला. मी दाराला आतून कडी घातली, बोल्ट तिसऱ्यांदा आवळले, ठिपके दिले आणि समोर स्टूल टाकून बसले. म्हटलं, बघतेच आता.

इंजिन स्टँडवर उलटं होतं. आतला क्रँक, रॉड, बोल्ट, सगळं दिसत होतं.

पाच मिनिटं काही नाही. छपरावरचं बर्फ वितळून पागोळ्या टपटपत होत्या. हीटरचा पंखा घरघरत होता.

मग... टपटप थांबली.

मग... पंख्याची घरघरही थांबली. त्याचं पातं फिरताना दिसत होतं. आवाज नव्हता.

आणि त्या शांततेत... 'कर्र'.

चौथ्या रॉडचा बोल्ट. मी डोळ्यांनी पाहिलं. पाना नाही, हात नाही. ठिपका आधी फिकट झाला, मग गेला. मग बोल्ट फिरला.

'कर्र'. त्याच रॉडचा दुसरा. मग पहिल्या रॉडचे दोन्ही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रॉडचे बोल्ट खाली आत होते. ते वर यायला क्रँक फिरवावा लागतो.

क्रँक... आपोआप अर्धा फिरला.

सावकाश. पिस्टनला धक्का लागू न देता. शिकलेल्या हाताने फिरवावा तसा.

मी घाबरले. खोटं कशाला बोलू! पण भीतीपेक्षा राग मोठा होता.

"कोण आहे? समोर ये ना! मी काय वाईट काम करतेय का? नीट आवळलेत मी ते!"

'कर्र'. 'कर्र'. 'कर्र'.

आठवा बोल्ट नुसता सैल झाला नाही. तो पूर्ण सुटला, फरशीवर पडला, घरंगळत माझ्या बुटाशी येऊन थांबला. तो उचलला तर बर्फासारखा गार. हीटरशेजारी गार!

आणि पंख्याचा आवाज परत सुरू झाला.

मी मायक्रोमीटर घेतला आणि जे मंगळवारी करायला हवं होतं ते केलं. एका खोक्यातले नवे बोल्ट लांबीला सारखे असतात. हे आठही आठ तऱ्हेचे. दोन तर मध्ये बारीक झालेले, ताणून ताणून. वापरलेले बोल्ट घासूनपुसून खोक्यात भरले होते. एकाच्या डोक्याच्या खाचेत नखाएवढा पिवळा रंग राहिला होता.

केइयो परत आला तेव्हा मी बोल्ट त्याच्या पुढ्यात आपटले.

"हे वापरलेले आहेत."

"थोडेसे. मग काय फेकून देऊ? चांगल्या कंपनीचे आहेत."

"केइयो, ताणून लांबलेला बोल्ट परत घालत नाहीत, तुटतो तो! सुवी मरेल!"

"झालं यांचं सुरू!" तो खवळला. "मामा तशी भाची! मे महिन्यात त्यानेही असंच केलं. आठही सैल करून ठेवले आणि गेला घरी निघून. शेवटी मलाच आवळावे लागले!"

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. ओठाच्या कडेला पॅनकेकवरचा जाम तसाच होता.

मी बोल्ट पिशवीत घातले आणि तशीच पोलीस ठाण्यावर गेले. चौकशी पुन्हा उघडली आहे. माझी जुनी सही मी मागे घेतली. सुवीची शर्यत चुकली, ती माझ्यावर अजून चिडून आहे. चिडू दे. जिवंत आहे.

मामीला सगळं सांगायला गेले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोल्ट वापरलेले निघाले म्हणून सैल करून आलो, असं त्याने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुलाही सांगितलं असतं. तू आलीस कुठे?"

आता मी घरामागच्या शेडमध्ये एकटीच काम करते. तिथे काही घडत नाही. पागोळ्या टपटपतात, पंखा घरघरतो, बोल्ट आवळले तसे राहतात. लोक म्हणतात, सुटलीस. त्यांना काय कळतंय! तीन दिवस तो माझ्या शेजारी उभा होता. सुवीसाठी आला, हे कळतं मला. पण माझ्यासाठीही आला होता का? की माझ्यावरचा राग तसाच घेऊन गेला? आणि तो मामाच होता, हे तरी मी कशावरून सांगते?

गेल्या आठवड्यात मी एक वेडेपणा केला. भंगारातला एक ताणलेला बोल्ट मुद्दाम रॉडला लावला. आवळला. ठिपका दिला. रेडिओ बंद केला आणि समोर बसले.

"मामा," मी म्हणाले, "चुकलं माझं. एवढा एक सैल कर."

ऊन मावळेपर्यंत बसले होते. बोल्ट घट्टच राहिला. शेवटी मीच तो काढला.