मोहपाणीचा थांबा

"आता मोहपाणी... उतरनारे समोर या, बाप्पा. गाडी इथंच झोपते."

लहानपणी ऐकलेला हा आवाज पायलच्या कानात अजून तसाच होता. सुट्टीत ती देवमनमामांच्या एसटीत, कंडक्टरच्या सीटवर, त्यांच्या कुशीला टेकून बसायची. गाडी घुर्रघुर्र करत घाट चढायची आणि मामा गावांची नावं अशी घ्यायचे, जणू जात्यावर बसून एकेक मूठ दाणे टाकताहेत. मोहपाणी हे सगळ्यात शेवटचं गाव. गाडी तिथं मुक्कामाला असायची. सकाळी दुधाच्या कॅनी आणि शाळेची पोरं घेऊन खाली उतरायची.

आता पायल वलगावच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. तिच्या मनात एक वाट रुजली होती. अकोल्याच्या नरनाळ्यापासून अमरावतीच्या गाविलगडापर्यंत, सातपुड्याच्या कडेकडेनं, पायी! येत्या हिवाळ्यात शाळेच्या मुलींना घेऊन तिला ती चालायची होती. मुख्याध्यापिका भावना मॅडमनी एकच अट घातली होती.

"पोरींचं खाणंपाणी कुठं मिळते ते आधी तू स्वतः चालून दाखव. एक थांबा जरी कच्चा निघाला, तरी मी पोरी पाठवणार नाही."

म्हणून ऐन फाल्गुनात, वनखात्याची परवानगी घेऊन, ही आधीची चाल निघाली होती. सोबत निवृत्त झालेले देवमनमामा, आणि कॉलेजपासूनचा मित्र, अचलपूरचा गोपाल. गोपाल दोर वाहायचा, औषधं वाहायचा आणि सगळ्यांची टर उडवायचा.

थांबे मामांनी निवडले होते. "सारं रेशन पाठीवर घेऊन डोंगर चढते तो बैल," ते म्हणाले होते. "आपले लोक होस्टेलातल्या पोराले डबा कसा पाठवतात? एसटीनं. आपणही तसंच करू. जिथं मुक्कामी गाडी जाते तिथं माणूस असते, पाणी असते, चूल असते. तोच आपला थांबा."

त्यांनी डेपोत फोन लावून विचारलं होतं, मोहपाणीची गाडी चालू हाये का. चालू हाये, असं उत्तर आलं. पीठ, डाळ, गूळ, मीठ बांधलेलं पोतडं त्या गाडीवर चढलं, आणि दुसऱ्या दिवशी कंडक्टरचा निरोपही आला: पोचलं.

सुरुवातीचे थांबे मामांच्या हिशोबासारखेच चोख निघाले. मोहपाणीच्या वाटेवर मात्र ऊन तापलं. नकाशावरचा नाला कोरडा ठाक होता. पिशवीत उरले होते मूठभर फुटाणे आणि तळाशी खळखळणारं घोटभर पाणी. डोंगराच्या अंगावर पळस पेटला होता, आणि त्या लाल उजेडात सावल्यासुद्धा तहानलेल्या वाटत होत्या.

"मोहपाणीत चतुराबाईचा चहा पाजतो तुमाले," मामा म्हणत राहिले. "गाडी उभी राह्याच्या आत चहा उकळे तिचा."

"मामा, तिले म्हणा, चहाच्या आधी मले बादलीभर पाणी दे," गोपाल म्हणाला. "मी तोंड घालून पितो."

उन्हं कलली तेव्हा खिंड ओलांडून ते गावात शिरले. आणि थबकले.

कुत्रं भुंकलं नाही. धूर नव्हता. घरं होती, पण भिंतीपुरतीच. दारं, चौकटी, वासे, छपराचे कवेलू, सगळं कुणी जपून उतरवून नेलेलं. एकेक घर तोंड उघडं ठेवून मेल्यासारखं. मधोमध गाडी वळायची ती गोल जागा तेवढी टणक, भुंडी. तिथं गवतानंही पाय ठेवला नव्हता. मामा त्या गोलाच्या कडेला उभे राहिले. त्यांच्या ओठांवर बहुधा गावाचं नाव आलं होतं, पण ते बाहेर पडलं नाही.

"उठलं गाव," ते हळूच म्हणाले. "पुनर्वसनात उठलं. मले कोनी सांगतलंच नाही."

"मंग पोतडं कुठं पोचलं?" गोपालनं विचारलं.

गावाच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली सागाचे कोरीव खांब रांगेनं उभे होते. चंद्र, सूर्य, घोड्यावरचा स्वार. कोरकू आदिवासींचे, मेलेल्या माणसांच्या नावाचे. जिवंत माणसं गेली होती, मेलेली इथंच राहिली होती. आणि प्रत्येक खांबापुढे पळसाच्या पानावर भात वाढलेला होता.

गोपालनं खाली वाकून बोट लावलं. "ताजा हाये," तो पुटपुटला. "आजचाच."

पायलनं हाक दिली. "कोनी हाये का?" उघड्या घरांनी ती हाक एकमेकांकडे दिली आणि ठेवून घेतली.

"मामा, घासभर खाऊ का?" गोपालच्या आवाजात या वेळी थट्टा नव्हती.

"त्याइच्या ताटातलं हाये ते. हात नको लावू."

खांबांच्या मागं, दगडाच्या कपारीत, झिरा मात्र जिवंत होता. पायल ओंजळीनं प्यायली आणि तिला रडू येईल असं वाटलं. पाणी होतं! म्हणजे थांबा मेला नव्हता. आज रात्र इथंच काढावी, असं ती म्हणणार, तोच तिला दिसलं की मामा चिखलाकडे पाहत आहेत. त्यांनी सावकाश पाय फिरवून चिखल सारखा केला. मग बाटल्या उचलल्या.

"चला. जुन्या गाडीरस्त्यानं खाली."

"आता? अंधार पडते, मामा."

"म्हणूनच म्हणतो, चला. पायल समोर, गोपाल मधात. मी मागं."

रस्ता उखडलेला. खडी पायाखालून निसटायची. थोडं उतरल्यावर वरच्या झाडांत वानरं एकदाच खेकसली आणि एकदम गप्प झाली. मग रानात दुसरा आवाजच उरला नाही. अशा त्या शांततेत मामांनी गायला सुरुवात केली, चांगल्या मोठ्या आवाजात.

"डोंगराच्या धन्या गा, तुहं रान तुले लाभो,
आले-गेले वाटसरू, पाय तुह्या दारी थांबो..."

"मामा, तुमी तं असं काही मानत नव्हते," पायल म्हणाली. घरात बाबासाहेबांच्या फोटोपुढे वंदना म्हणणारे, देवभुताला हसणारे मामा. त्या खांबांनी त्यांनाही धरलं की काय?

"आताही नाही मानत. चाल तू."

"गाऊ नका ना. दम लागते तुमाले."

ते गात राहिले. मागं एक दगड घरंगळला. मामांचा पाय तेव्हा थांबलेला होता. पायलच्या ते ध्यानात आलं, आणि तिनं ते ध्यानातून लोटून दिलं.

वळणावर गोपालच्या टाचेत काटा मोडला. तो मटकन खाली बसला. मामांनी त्याची कॉलर धरली आणि ओढून उभं केलं!

"बूड टेकवायचं नाही. लंगडत चाल."

"अरे पण मामा..."

"चाल म्हटलं नं."

बॅटरी मामांच्या हातात होती. उजेड मात्र पायलच्या पायांपुढे पडत नव्हता. तो मागं पडत होता, आल्या वाटेवर, डावीउजवीकडे फिरत. पायल ठेचकाळली. "समोर दाखवा ना," ती म्हणाली. "तुले रस्ता समजते," एवढंच उत्तर आलं, आणि पुन्हा गाणं. आवाज फाटत चालला होता. गोपाल कण्हत होता, पायल दात आवळून चालत होती. एक वळण. दुसरं वळण. मग झाडी विरळ झाली, आणि खाली सपाटीवर दिवे दिसले.

सारखी घरं, सारख्या ओळी, रुंद सरळ रस्ता. चौकात एसटी उभी होती. तिच्या कपाळावरची पाटी वाचून पायल जागीच खिळली. मोहपाणी!

टपरीतून एक म्हातारी बाहेर आली. पदर सावरत तिनं डोळे बारीक केले. "देवमन? कंडक्टर? काहून रे, वरतून कसा आला तू?"

"चतुराबाई," मामा म्हणाले आणि बाकावर बसले.

पोतडं तिच्याच फळीवर होतं. "गाव उतरलं ते नाव घेऊन उतरलं," ती चहा गाळत म्हणाली. "पाटीही तेच, गाडीही तेच. मेलेले तेवढे वरते राह्यले. आजच गेलो होतो आमी, त्याइले भात ठेवाले. ऊन असतानाच उतरतो आमी."

"काहून?" पायलनं विचारलं.

म्हातारीनं मामांकडे पाहिलं. "तसंच," ती म्हणाली.

भाकरी पोटात गेली तशी पायलच्या अंगात पुन्हा जीव आला. तिनं नकाशा बाकावर पसरला. वरच्या गावाशिवाय ही वाट जुळत नव्हती. मुलींना एका दमात एवढं चालवता येणार नव्हतं. "पण झिरा हाये, मामा. सामान जीपनं वर धाडू. चतुराबाई, तुमची माणसं स्वयंपाकाले येतील का? पोरी एक रात्र त्या मोहाखाली राहतील. थांबा पक्का."

"भुताखेताचं काय?" गोपालनं टाचेवर हळद दाबत विचारलं.

"भूत तुह्या डोक्यात हाये." ती पेन उघडून मामांकडे वळली. "लिहू ना?"

मामांनी हातातला कप खाली ठेवला.

"पोरी तिथं नाही राहनार, पायल."

"काहून? पाणी तं तुमीच पाह्यलं."

"झिऱ्यावर वाघाचा ओला पाय उमटला होता. माह्या पंजाएवढा. पाणी अजून त्यात उतरून राह्यलं होतं." मामांचा आवाज पार बसला होता. "सांगतलं असतं तं तुमी पळाले असते. पळणाऱ्याच्या मागं तो लागते. झिऱ्यापासून पार झाडी सरेपर्यंत सोबत होता आपल्या. गोपाल काटा काढाले बसला तवा दहा हातावर बसला होता, कुडाच्या झुडपात. दोन डोळे."

गोपालचा हात टाचेवर तसाच थांबला.

मामांनी नकाशाकडे पाहिलं नाही. ते पायलकडे पाहत होते.

"तू म्हणत होती, मामा, गाऊ नका. बाई, मी तुमच्यासाठी नव्हतो गाऊन राह्यलो."