पुदिन्यावर चाळीस मिनिटं

सेंकाचं डोकं डाव्या बाजूनं ठणकू लागलं, तेव्हा तोंडी परीक्षेला तिच्यापुढे एकच मुलगा उरला होता. नाव पुकारल्यावर आत न जाणाऱ्याचं नाव खोडायचं, हा सर्बियातल्या निश शहरातल्या औषधशास्त्र विभागाचा नियम. आणि वनस्पतिशास्त्रात आज नापास झाली, तर तिचं वर्ष वाया जाणार होतं. तिनं गोळी गिळली. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तेवढ्यात त्या मुलानं उठून खिडकी लावून घेतली.

"उघड ती. गुदमरतंय मला."

"वाऱ्याचा झोत लागतो. त्यानंच डोकं चढतं, आजी सांगते."

"तुझ्या आजीला सांग, ही अर्धशिशी आहे. दोन वर्षं दर परीक्षेला येते… न बोलावता."

त्यानं निमूटपणे खिडकी उघडली. हा मिलुतिन, तीन वाक्यांत उत्तर देऊन दहापैकी दहा नेणारा. वर्षभर एका वर्गात बसून दोघं आज पहिल्यांदा बोलत होती.

"तू वर्गात सारखी डोकं धरून बसायचीस," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, आमचा कंटाळा येतो तुला."

"तुमचाही येतो."

तो हसला. गळ्यातला मफलर काढून त्यानं तिच्या डोळ्यांवर ठेवला. गोळी किती वेळात लागू पडते, विचारलं. पाऊण तास, ती म्हणाली, आणि त्याचं नाव पुकारलं गेलं.

दार उघडंच होतं. त्याला प्रश्न पुदिन्यावर आला होता. पानांवरून तो मुळांवर गेला, मुळांवरून पुन्हा देठाकडे, तिथून आजीच्या काढ्याकडे. परीक्षक बाई दोनदा "पुरे" म्हणाल्या, तरी त्याचा एक मुद्दा उरलेलाच. चाळीस मिनिटांनी वैतागून त्यांनी त्याला सहा गुण देऊन घालवलं.

सेंका आत गेली, तेव्हा काजवे विझले होते. राहिला होता नुसता थकवा. ती आठ गुण घेऊन सुटली.

मिलुतिन बाहेर पायरीवर थांबला होता.

"मुद्दाम लांबवलंस ना?"

"पुदिना आवडतो मला."

"खरं सांग."

"तू आवडतेस…" त्यानं नजर खाली वळवली. "उत्तर आज नको देऊस. आधी डोकं उतरू दे."

लाजायचंसुद्धा त्राण तिच्यात नव्हतं. ती त्याच्याशेजारी बसली आणि डोक्याची डावी बाजू त्याच्या खांद्यावर टेकवली. किती बरं वाटलं तिला.

"आत्ताच देते," ती डोळे मिटून म्हणाली. "तूही आवडतोस. आता मात्र एक शब्द बोलू नकोस."