तीन टाके कमी

आटपाट बेट होतं, अबू धाबीतलं, अल रीम त्याचं नाव. तिथं एकविसाव्या मजल्यावर माझा मुलगा मुरलीधर, सून हेमा आणि मी राहायचो. चौथं माणूस हेमाच्या पोटात होतं. आधी दोनदा पाळणा रिकामा राहिलेला, म्हणून या खेपेला घरात कुणी मोठ्यानं हसतसुद्धा नव्हतं.

मला अक्षर येत नाही, टाका येतो. खालच्या यूनुस टेलरचं बारीक हातकाम मी करून द्यायची. एका सकाळी त्यानं चामड्याचा जुनापुराणा कोट आणला.

"अम्मा, संभाल के. फ्रेंच एअरफोर्सवालों का है. सौ साल पुराना."

अबू धाबीजवळच्या तळावर फ्रेंचांची लढाऊ विमानं असतात. त्यातल्या एका तुकडीचं निशाण पाकोळी, लांब पंखांचं चिमणीएवढं पाखरू. विमानं बदलली, माणसं बदलली, पाकोळी तीच. आजोबाची काठी नातवाकडं यावी तशी. कोटाच्या छातीवर ती कापडी तुकड्यावर भरलेली होती. कोटवाला दर खेपेला सुखरूप परतायचा, म्हणून अजूनही उडण्याआधी पोरं तिला हात लावतात, असं यूनुस म्हणाला. कोटाला एरंडेलाचा वास होता, त्या काळी विमानाच्या इंजिनात तेच घालायचे म्हणे. मला फक्त अस्तर शिवायचं होतं.

सुखरूप परतायचा... तेवढंच माझ्या मनात रुतलं. मी पाकोळी उसवली. हुबेहूब दुसरी भरून कोटावर लावली आणि खरी बाळाच्या गोधडीत शिवली. एकच चुकलं. जुनीचा डावा पंख तीन टाक्यांनी अपुरा होता. माझ्या हाताला अपुरं सोडवेना. मी पुरा केला.

चार दिवसांनी यूनुस आला, तोंड उतरलेलं.

"अम्मा, बोलते हैं चिड़िया नकली है. मुझ पे शक है. काम खलास. आपने तो कुछ..."

"मैं? नहीं रे बाबा!"

त्यानं मान खाली घातली. "माफ करना अम्मा. पूछना ही नहीं चाहिए था."

त्याच्या त्या माफीनं आजही माझी मान वर होत नाही.

दुसऱ्या दिवशीची दुपार. मुरलीधर ऑफिसात, हेमा आत पडलेली. बाहेर पांढरं ऊन. एसीची घरघर एकदम थांबली आणि वास आला. एरंडेलाचा... जळक्या एरंडेलाचा. मग बाल्कनीकडून, फट्... फट्... फट्...

"आई, एरंडेल कुणी तापवलं?" आतून हेमा म्हणाली.

"कुणी नाही गं... झोप तू."

काचेपलीकडं माणूस उभा होता. चेहरा काजळीनं काळा, डोळ्यांभोवती चष्म्याचे पांढरे गोल. भर उन्हात कुडकुडत होता. घराची किल्ली चाचपावी तशी छाती चाचपत होता. एकदा... दोनदा... मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो. लाज जणू त्यालाच वाटत होती.

डोळा लवतो तो काचेपलीकडं कुणी नव्हतं. आणि हेमाच्या खोलीचं दार हळूच किलकिलं झालं.

मी धावले. गोधडी उसवली, पाकोळी पदरात घेतली नि लिफ्टनं खाली गेले. यूनुसपुढं ठेवली. "मैंने चुराई. झूठ भी मैं ही बोली."

त्यानं ती उलटीपालटी करून बघितली. "साहब के सामने बोलोगी?"

बोलले. तुकडीच्या फ्रेंच साहेबापुढं मुरलीधरनं ते इंग्रजीत सांगितलं, खाली मान घालून. साहेबानं पाकोळी दोन्ही हातांनी घेतली, आधी यूनुसची माफी मागितली. पंख अपुरा का, मी विचारलं.

मुरलीधरनं मराठीत सांगितलं, "आई, ती त्या वैमानिकानं स्वतः भरलेली. सुखरूप परतला की एक टाका घालायचा. तीन राहिले... त्या दिवशी कोट मागंच राहिला, नि तो परतलाच नाही."

पुढं ओवी जन्मली, गुटगुटीत, घर दणाणून सोडणारी. यूनुसला तुकडीचं सगळं शिवणकाम मिळालं. देवानं आमचं घर भरलं.

पाकोळी काढली तिथं गोधडीला मी कोरं ठिगळ लावलं होतं. बारशाच्या दिवशी त्यावर एक टाका दिसला. माझा टाका मी ओळखते. तो माझा नव्हता.

ओवी आता दोन वर्षांची आहे. ती बाहेरून सुखरूप परतली की ठिगळावर एक टाका वाढतो. तिथली पाकोळी भरत आली. काल मोजले, तीन टाके राहिलेत.

आणि आज सकाळपासून घरात एरंडेलाचा वास आहे.