उजव्या हेडलाइटमधली वाफ

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. रात्र नव्हती, सामसूम नव्हती. घडलं ते भर दुपारी, माझ्या मावसभावाच्या गॅरेजमध्ये.

त्याला सगळे काजवा म्हणतात. गाड्यांचे दिवे दुरुस्त करतो ना, म्हणून.

काजव्याचे वडील, अप्पा, छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. मग घरच्यांनी त्यांची पांढरी गाडी एका मास्तरांना विकली. अप्पांनी ती आयुष्यभर दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नव्हती.

थोड्याच दिवसांत मास्तर गाडी घेऊन गॅरेजमध्ये हजर.

"उजव्या हेडलाइटमध्ये वाफ धरते रे. समोरचं धड दिसत नाही."

हे काम म्हणजे काजव्याच्या डाव्या हाताचा मळ. दिवा काढायचा, मागचं झाकण उघडायचं, आत गरम हवा मारायची. मागे एक छोटी रबरी नळी असते, दिव्यात हवा आत-बाहेर व्हायला. ती तेवढी बुजवायची नसते.

मास्तर चहाला गेले. काजव्यानं काच लख्ख कोरडी केली.

वाफ परत आली...

इंजिन बंद. दिवा बंद. तरी काचेवर आतून धुकं पसरायचं... आणि विरायचं. पसरायचं... विरायचं. मध्येच दोनदा अडखळायचं, मग एक लांब.

हे अडखळणं काजवा रोज अप्पांच्या उशाशी बसून ऐकत होता.

त्यानं घरी ताईला फोन लावला.

"फोन अप्पांच्या तोंडाशी धर."

"का रे? आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"धर म्हणतो ना."

अप्पांनी श्वास सोडला... काचेवर धुकं.

श्वास घेतला... काच स्वच्छ.

त्याला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्यानं नळीच्या तोंडावर बोट ठेवलं.

धुकं जागच्या जागी थांबलं.

फोनमध्ये काहीच ऐकू येईना...

"अरे, अप्पा बघ कसे करतायत." ताई ओरडली.

त्यानं चटका बसल्यासारखं बोट काढलं. पलीकडे अप्पा खोकले.

मास्तर आल्यावर काजव्यानं गाडी परत मागितली. अक्षरशः हात जोडले.

"पोरं जीव टाकतात तिच्यावर. आता कशी देऊ?"

मग त्यानं सगळं खरंखरं सांगून टाकलं. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वडिलांपायी फार जागरणं झालीत तुला. झोप जरा."

"वाफ राहू द्या, मास्तर. फक्त त्या नळीला कोणाला हात लावू देऊ नका."

"बरं बाबा, नाही लावू देत."

पुढच्याच आठवड्यात मास्तरांची लांब कुठेतरी बदली झाली. गाडीही गेली.

एका दुपारी काजवा अप्पांना चमच्यानं पाणी पाजत होता. फोन वाजला. मास्तर खुशीत होते.

"तुला जमलं नाही ते इथल्या मेकॅनिकनं केलं बघ. नळीच बुजवून टाकली. वाफेचं नाव नाही आता."

"कधी?"

"हे काय, आत्ताच. अजून हातही पुसले नाहीत त्यानं."

अप्पांच्या ओठांतून पाणी ओघळलं. डोळे काजव्यावर होते... छाती हलत नव्हती.

"मास्तर, काढा ते. पाया पडतो तुमच्या, काढा."

"अरे, पक्कं चिकटलं ते. आणि तू रडतोस काय?"

ताई अप्पांची छाती चोळत राहिली. काजवा फोन धरून नुसता उभा. करणार तरी काय होता तो?

अप्पा गेले. डॉक्टर म्हणाले, दुखणंच तसं होतं. असेलही.

काल संध्याकाळी मास्तरांचा पुन्हा फोन आला.

"आता डाव्या दिव्यातही वाफ धरायला लागलीये रे. उद्या तीही नळी बुजवून घेतो."

काजवा नको नको म्हणतोय तोवर फोन कटला. तेव्हापासून लागत नाही. मास्तरांच्या नव्या घराचा पत्ता कोणाकडेच नाही. गाडी समोर असती तर श्वास कोणाचा, ते तरी कळलं असतं.

आज सकाळपासून काजवा, ताई, मावशी आणि मी एका खोलीत बसून आहोत. मघाशी ताईला ठसका लागला, तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या.

ती पाणी प्यायली. शांत झाली.

आता सगळे माझ्याकडे का बघतायत, ते मला कळत नाहीये...