मोराचा चेंडू

शनिवारी सकाळी तोमासा हाडं घेऊन निघाली. आदल्या दिवशी तिनं गाईच्या पायांचा रस्सा केला होता आणि त्यातली मोठी हाडं मोरासाठी बाजूला काढली होती. सेवेरोचं घर गावाच्या टोकाला, टायरवाल्याच्या मागं. तोमासाच्या एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात सळई. सळई ती कुठंही न्यायची, दुकानात मीठ आणायला गेली तरी. लोक हसायचे. हसू देत, ती म्हणायची, ज्याचं जळतं त्याला कळतं.

सळई बरोबर तिच्या उंचीची होती. बाकीच्या आयांच्या सळया लांब. तोमासा पडली बुटकी, तिला त्या पेलायच्या नाहीत. मग तिच्या पोरानं, नाबोरनं, तिला भिंतीला टेकवून उभी केली, डोक्यावर खूण केली आणि तेवढीच सळई कापून वर आडवी मूठ बसवून आणली. "बुटक्या आईची बुटकी सळई," म्हणाला होता. सळई जमिनीत ठोकायची, उपसायची आणि टोक नाकाशी न्यायचं. खाली माणूस असेल तर वास येतो. त्या मुलखात माणसं उचलून नेतात, मारून पुरतात, आणि हरवलेल्यांच्या आया त्यांना असंच शोधतात, कारण त्यांच्यासाठी दुसरं कुणी शोधत नाही. तोमासा आधी आपल्या भावासाठी, चेमासाठी, शोधायला लागली. नाबोर तेव्हा आईबरोबर खणायला यायचा. पुढं नाबोरच हरवला.

मोरा ही सेवेरोची कुत्री. काळी, एक कान मोडलेला. सेवेरोनं आगीच्या बंबावर जन्म काढलेला, निवृत्त झाल्यावर त्यानं मोराला मेलेल्या माणसाचा वास शिकवला. वास लागला की मोरा भुंकायची नाही, उकरायची नाही. नुसती खाली बसायची आणि सेवेरोच्या खिशाकडे बघायची. खिशात पिवळा चेंडू. खणल्यावर खरंच माणूस निघालं तरच तो चेंडू तिला मिळायचा. "फुकटचा चेंडू दिला की कुत्रं फुकटचं बसायला शिकतं," हा सेवेरोचा नियम.

सुरुवातीला मोरानं खरीच माणसं काढून दिली. आया तिच्या पायाच्या धुळीला हात लावायच्या बाकी होत्या. मग एकदा ती सग्वारो म्हणतात त्या उंच, तीन फांद्यांच्या निवडुंगापाशी, कोरड्या ओढ्यात बसली. कमरेपर्यंत खणलं. काही नाही. मग जुन्या वीटभट्टीच्या अंगणात बसली. तिथंही काही नाही. रिकामा निघालेला खड्डा बुजवायचा आणि वर चुन्याची फुली ओढायची, म्हणजे दुसऱ्या गावच्या आयांनी तिथं पुन्हा घाम गाळायला नको. चुना म्हणजे चुना. चुन्यावर कुणी सळई लावत नाही.

त्या दिवशी पिफा, तोमासाबरोबर खणणारी बाई, सगळ्यांसमोर बोलली होती. पिफाची जीभ म्हणजे विळा. "कुत्री जमीन हुंगत नाही, सेवेरो, तुझं तोंड हुंगते. तू थांबलास की ती बसते. तुला वाटतं इथं असेल, म्हणून तिलाही वाटतं!" हाच किडा सेवेरोच्याही डोक्यात वळवळत होता. आणखी एक-दोनदा मोरा अशीच बसली, माती कोरी निघाली, आणि त्यानं तिचा पट्टा खिळ्याला टांगून ठेवला.

तोमासानं पातेलं खाली ठेवलं. मोरानं एक हाड उचललं आणि सावलीत गेली.

"लाडावून ठेवलीत तिला," सेवेरो म्हणाला.

"म्हातारपणी तेवढंच सुख. तुम्हांला तर तेही कुणी देत नाही."

तो हसला. तेवढ्यात फाटक आपटलं आणि पिफा आत आली. धावत आली होती. तिचा चेहरा पाहून तोमासा उठून उभीच राहिली.

"वीटभट्टीत निघाला एक," पिफा म्हणाली. "आपल्या खड्ड्यात."

"आपला खड्डा रिकामा होता," सेवेरो म्हणाला.

"होता ना! मीच नाही का उतरले होते त्यात? पावसात चुना धुऊन गेला. पलीकडच्या गावच्या बायकांना माहीत नव्हतं, त्यांनी सळई घातली..." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "पोरगा आहे. अंगात यंदाच्या जत्रेचा शर्ट आहे, सेवेरो. यंदाच्या. आपण खणलं त्याला दोन वर्षं झाली."

सावलीत मोरा हाड फोडत होती, तेवढाच आवाज.

"त्यात काय," सेवेरो शेवटी म्हणाला. "माती भुसभुशीत, वर चुना. पुरणाऱ्यांना आयतं मिळालं. आपणच त्यांना जागा करून दिली." त्यानं खिळ्यावरच्या पट्ट्याकडं पाहिलं. "आपणच..."

"किंवा," पिफा म्हणाली, "तिला दोन वर्षं आधीच वास आला."

तोमासाला दोघांचंही ऐकू येत नव्हतं. मनानं ती ओढ्यात पोचली होती. तो पहिला रिकामा खड्डा नाबोरनं खणला होता. त्याची खणायची एक तऱ्हा होती. चार-सहा फावडी मारली की फावडं दगडावर दोनदा आपटायचा, माती झाडायला. टण, टण. खणून झाल्यावर तो त्यात आडवा पडला आणि वर बघून हसला. "आई, माझ्याच मापाचा झालाय बघ!" तिनं त्याला शिव्या घातल्या, वर ओढून काढला. आणि मग तिनं स्वतःच्या हातानं चुना ओढला. पुढल्या वर्षी नाबोर गाडीची बॅटरी बदलायला म्हणून गेला, तो आलाच नाही. तोमासानं सगळा मुलूख सळईनं भोसकला. टेकड्या, उकिरडे, कोरडी शेतं. एक तेवढी जागा सोडून.

"ओढ्याकडं चला," ती म्हणाली.

सेवेरोनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याला कळलं. त्यानं खिळ्यावरचा पट्टा काढला. पिफाला वीटभट्टीवर परत जायचं होतं, त्या पोराची आई यायची होती. जाताना तिनं तोमासाचे दोन्ही हात धरले. "नसेल गं तिथं, बाई," म्हणाली. पण नसेल म्हणजे बरं की वाईट, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ओढ्यात पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सावली म्हणून नव्हती. सेवेरोच्या गाडीतून उतरले तेव्हा उन्हातले किडे किर्र करत होते, आणि दोघं निवडुंगाजवळ जाता जाता ती किरकिर एकदम थांबली. चुना इथंही गेला होता, पण दगडांच्या फटीत पांढरं अजून दिसत होतं. सेवेरोनं मोराला सोडलं.

मोरा हुंगत गेली. त्या जागेवर आली आणि... सरळ वरून चालत गेली. वळूनही पाहिलं नाही, तिथलं आपलं सांगून झालंय तशी.

सेवेरोनं श्वास सोडला. "नाही म्हणते."

"ती काय म्हणते ते राहू द्या," तोमासा म्हणाली. "आज माझं मी बघते."

तिनं सळई रोवली. सेवेरोनं हातोडा मारला. माती मऊ होती, सळई लोण्यात शिरावी तशी गेली. तोमासानं ती उपसली, टोक नाकाशी नेलं, आणि खाली बसली. सेवेरोनं फावडं आणलं.

फार खणावं लागलं नाही. आधी कापड, मग पट्टा. पट्ट्याच्या बक्कलावर कोंबडा. तो कोंबडा तिनंच जत्रेत घेतला होता, नाबोर नको नको म्हणत असताना. तोमासानं हात लांब करून बक्कलावरची माती पुसली आणि मग ती रडली, मोठ्यानं, छाती पिटून, इतक्या दिवसांचं सगळं. त्यात दुःख होतं आणि सुटकाही होती. सापडला. निदान सापडला. मग तो चुना आठवला, आपल्याच हातानं ओढलेला, आणि ती पुन्हा रडली.

"आता हात लावायचा नाही," सेवेरो हळूच म्हणाला. "सरकारी माणसं आली पाहिजेत. इथं फोन लागत नाही. मी सडकेवर जाऊन येतो. तुम्ही..."

तो बोलता बोलता थांबला. तोमासानं मान वळवली.

थोड्याच अंतरावर, निवडुंगाच्या पलीकडं, मोरा बसली होती. ताठ. खाली कडक, कोरी जमीन, कुणाचा पाय न लागलेली. ती सेवेरोच्या खिशाकडं बघत होती.

"मोरा, इकडं ये." ती हलली नाही. "मोरा!" त्यानं पट्टा धरून ओढलं, तर तिनं चारी पाय रोवले. "इथं खणायचं नाही," तो पुटपुटला. "कुणाला सांगायचंही नाही. खूण नाही, काही नाही. ऐकताय ना, तोमासाबाई?"

"जा तुम्ही. फोन करून या."

"आणि तुम्ही एकट्या?"

"एकटी कुठं आहे? पोर आहे माझं."

गाडीचा आवाज लांब गेला आणि मग गेलाच. तोमासा खड्ड्याच्या कडेला बसली, नाबोरकडं तोंड करून, सळई मांडीवर आडवी. मोरा तिच्या पाठीमागं होती. वारा पडला होता. मातीचा वास, त्याखालचा तो दुसरा वास, त्याचं आता तिला काही वाटत नव्हतं. ती पोराशी बोलत होती. त्याच्या बहिणीला पोर झालं ते सांगितलं, छपराचं सांगितलं.

मग मागं आवाज आला. खच्.

फावडं जमिनीत जातं तो आवाज. तोमासाला तो झोपेतही ओळखू आला असता. खच्... खच्... कडक माती फुटत होती. बाजूला पडत होती. सेवेरो परत आला? पण गाडी तर वाजली नव्हती. मारायला आले? मग मोरा का भुंकत नाही? वळून बघ, ती स्वतःला म्हणत होती, आणि मान वळत नव्हती.

खच्... खच्... आणि मग दगडावर, टण, टण.

तोमासा समोरच्या बक्कलाकडं बघत राहिली. तो इथं होता. इथंच होता, मातीत, तिच्या डोळ्यांसमोर.

पुन्हा खणणं. पुन्हा टण, टण. किती वेळ, कोण जाणे. मग माती परत लोटल्याचा आवाज, तळव्यानं थापल्यासारखा. आणि नाकात चढणारा, कोरडा, पांढरा वास. चुन्याचा.

"नाबोर..." तोमासाच्या तोंडून निघून गेलं. "दमलास का रे...?"

मागचा आवाज थांबला.

सेवेरो आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. तो काही तरी सांगत येत होता, माणसं निघालीत, संध्याकाळपर्यंत पोचतील, आणि मोरापाशी येऊन मध्येच थबकला. मग तोमासा उठली. गुडघे धरून, हळूहळू. वळली.

मोराच्या पुढ्यात माती खणून बुजवलेली होती. ओली, ताजी. वर चुन्याची फुली.

"कुणी केलं हे?" सेवेरो कुजबुजला. "चुन्याची गोणी तर घरी आहे... कोण आलं होतं? तोमासाबाई, तुम्ही कुणाला पाहिलं?"

"मी मागं पाहिलंच नाही."

ती जवळ गेली. खणलेली जागा आखूड होती, मोठ्या माणसाच्या मापाची नाही. सेवेरोला वाटलं, लहान मूल की काय, आणि तो पायानं चुना विस्कटायला पुढं झाला. तोमासानं त्याला हातानं अडवलं. तिनं सळई मातीवर आडवी ठेवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

बरोबर बसली. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

सेवेरोनं तिचा दंड धरला. "चला इथून. आत्ता. मी तुम्हांला लेकीकडं सोडतो, लांब, दुसऱ्या राज्यात... पुन्हा इकडं पाऊल ठेवायचं नाही. ही कुत्री चुकते. पिफा म्हणायची ना? चुकते ही."

तोमासानं नाबोरच्या खड्ड्याकडं पाहिलं, मग या मातीकडं. दोन पावलांचं अंतर. तिला भीती वाटत होती, पण आवाज कापला नाही.

"चेंडू द्या तिला, सेवेरो. खोटं कधी बोललीच नाही ती."

सेवेरोनं खिशातून पिवळा चेंडू काढला आणि ओढ्यात लांब फेकला. चेंडू दगडांवरून उड्या मारत गेला आणि थांबला. चेंडूमागं मोरा धावली नाही, असं कधी झालं नव्हतं.

मोरा उठली, तोमासाजवळ आली आणि तिच्या पायाशी खाली बसली.