शिडी लावणारा सादिक

ही घटना खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं. पण "तापलेला पत्रा वाजतो हो" असलं शहाणपण आम्हाला शिकवू नये. आम्ही बल्लारपूरवाल्यांनी ते एकमेकांना सांगून पाहिलंय. कोणाचंच समाधान झालेलं नाही.

साल २००१. मे महिना. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

भूत म्हटलं की ज्यांना अमावस्या आणि पिंपळच आठवतो, त्यांनी आमच्याकडची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कुत्री नालीत पडून असतात. दुकानांची शटरं अर्ध्यावर ओढलेली. अशा वेळी कोणी हाक मारली, तर ओ देणारं कोणी नसतं.

सादिकभाईंचं स्टेशनच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान. पन्नाशी ओलांडलेली, पांढरी दाढी, बोलणं तिरसट. त्याआधी ते हवाई दलात होते. विमान उडवणारे नव्हे, उडायच्या आधी ते तयार करून देणारे.

त्यांच्या तुकडीत एक रीत होती.

शिडीवर चढून वैमानिकाचे पट्टे जो बांधेल, परत आल्यावर त्यानेच शिडी लावून त्याला उतरवायचं. दुसऱ्याने त्या शिडीला हात लावायचा नाही. जेवण राहिलं तर राहिलं, अंगात ताप असला तर असला.

सादिकभाईंच्या वाट्याला आले होते कुरियन साहेब. केरळचे. माणूस भलताच तापट. शिडी लागायला जरा उशीर झाला की आतूनच काचेवर मुठी आपटायचे. "सादिक! किधर मर गया?" आणि खाली उतरले की त्याच सादिकच्या खांद्यावर हात टाकून त्याला चहाला न्यायचे.

१९७२ साली एका सकाळी सादिकने त्यांना बसवलं. पट्टे आवळले. शिडी काढली.

ते विमान परत आलंच नाही.

पूर्वेकडच्या डोंगरांत खूप शोधलं. पत्र्याचा तुकडा मिळाला नाही, माणूस मिळाला नाही. पोरगेलासा सादिक शिडी धरून धावपट्टीच्या कडेला बसून राहिला. शेवटी दोघांनी त्याला उचलून आत नेलं.

अशा न परतलेल्या विमानाचा नंबर पुन्हा कुठल्याच विमानावर घालायचा नाही, असं त्यांच्यात सगळेच मानायचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण मोडतही कोणी नव्हतं.

सादिकभाईंनी मोडलं.

झालं असं, की हवाई दलाने सेवेतून काढलेलं एक मिग लढाऊ विमान आमच्या गावच्या बगिच्यात ठेवायला मिळालं. त्यासाठी प्रफुल मास्तरांनी वर्षानुवर्षं अर्ज केले होते. हा हायस्कूलचा मास्तर विमानांपायी वेडा. घरभर थर्माकोलची विमानं, भिंतीवर कात्रणं. ट्रेलरवरून मिग उतरलं तेव्हा तो ढसाढसा रडला होता.

दोघांनी उन्हाळाभर राबून ते विमान घासलं, पोचे काढले, रंगवलं. पदरमोड करून. बगिच्याच्या समितीने एक डबा रंग दिला, तोही पाणी घातलेला.

उद्घाटन दोन दिवसांवर आलं आणि समितीचे अध्यक्ष गुणवंतराव पाहणीला आले.

सादिकभाईंनी विचारलं, "भाऊ, नंबर कोनता लिवू? जुना घासून गेला हाये. कागद मागवा लागन."

"कागद कायले पाह्यजे? कोनताई लिवा नं. कोन पाह्यते?" गुणवंतराव म्हणाले. "पाहुण्यायचं नाव मातर मोठं काढा. ह्या काचेच्या खाली."

काचेच्या खाली वैमानिकाचं नाव असतं. तिथे हार घ्यायला येणाऱ्या माणसाचं नाव!

सादिकभाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुणवंतरावांची गाडी निघेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी ब्रश उचलला आणि विमानाच्या नाकाच्या बाजूला, मोठ्या आकड्यात, एक नंबर लिहिला.

तो नंबर मी इथे देणार नाही. मुद्दामच.

"हा कोनाचा नंबर हो, भाई?" प्रफुलने विचारलं.

"माह्या साहेबाचा. कोन पाह्यते म्हने! आता पाहा म्हना."

मग समितीच्या हुकमाप्रमाणे त्यांनी कॉकपिटवरचं काचेचं झाकण रिव्हेट ठोकून कायमचं बंद केलं. पोरंसोरं आत शिरू नयेत म्हणून.

त्याच संध्याकाळी पहिली गोष्ट घडली...

विमानाच्या शेपटीतल्या नळीत साळुंकीचं घरटं होतं. साळुंकी निघून गेली. पिल्लं तिथेच टाकून.

दुसऱ्या दिवशी एकही पक्षी पंखावर बसला नाही. बगिच्यातल्या झाडांवर मात्र कलकलाट होता.

दुपारी दोघं पाहुण्यांचं नाव काढायला गेले. अंगाची लाही लाही होत होती. सादिकभाईंनी काचेवरची धूळ पुसली... आणि त्यांचा हात थांबला.

काचेला आतून वाफ धरली होती.

थंडीत कोणी तोंड लावून श्वास सोडावा, तशी. एवढासा गोल. तो मिटला. पुन्हा उमटला. पुन्हा मिटला.

"प्रफुल..."

"पाहून राह्यलो, भाई."

मग आवाज आला.

धप्.

तापलेला पत्रा टिकटिक करतो. हा मुठीचा आवाज होता.

धप् धप् धप्...

सादिकभाई मागे सरले नाहीत. ही आपटण्याची तऱ्हा त्यांना ओळखीची होती. इतकी वर्षं त्यांनी ती फक्त झोपेत ऐकली होती.

ते तसेच तडक गुणवंतरावांच्या घरी गेले. प्रफुल मागोमाग.

"भाऊ, झाकण खोलू द्या. आतमंधी मानूस हाये."

"उन्ह लागलं का तुमाले?"

"मीच बसवलं होतं त्याईले. मलेच उतरवा लागते."

गुणवंतराव हसले. कूलरसमोर बसून, पोट धरून हसले. "उद्या पाहुने येऊन राह्यले, अन् हे भूत उतरवून राह्यले! रिव्हेटले हात लावसान तर पोलिसात देईन."

"द्या," सादिकभाई म्हणाले. "पन एक इचारू? तुमच्या पोराले कोनी असं डब्यात ठोकलं असतं, तर तुमी हासले असते का?"

त्यांनी दुकानातून छिन्नी, हातोडा आणि लोखंडी शिडी घेतली. पुन्हा बगिच्यात आले. ऊन तसंच होतं. रस्ता तसाच रिकामा.

एकेका रिव्हेटचं डोकं उडालं. ते ठोकत होते तेव्हा आतलं आपटणं बंद होतं... आत कोणीतरी कान देऊन ऐकत असल्यासारखं.

दोघांनी मिळून झाकण उचललं.

खुर्ची रिकामी होती.

पण पट्टे... सादिकभाईंनी ते स्वतः मोकळे सोडले होते. आता ते बांधलेले होते. ताणलेले. मधोमध माणसाच्या छातीएवढी जागा ठेवून.

बाहेर अंग भाजत होतं आणि त्या जागेतून गार हवा येत होती.

सादिकभाईंनी पट्टे सोडले. खाली उतरले. रीतीप्रमाणे शिडीचे दोन्ही दांडे धरून उभे राहिले.

"उतरिये, साब," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. "देर हो गई. माफ करना."

वरची पायरी करकरली.

मग दुसरी.

मग तिसरी...

करकर तिथेच थांबली.

सादिकभाईंच्या तोंडावर श्वास आला. कोणीतरी वाकून त्यांच्याकडे पाहत होतं. सुरकुत्यांकडे. पांढऱ्या दाढीकडे.

"सादिक किधर है?"

आवाज अगदी स्पष्ट होता. आणि संतापलेला.

"मैं ही हूँ, साब. मैं सादिक."



"सादिक को बुलाओ."

पायऱ्या पुन्हा करकरल्या. या वेळी वरच्या दिशेने. उचलायला दोन माणसं लागलेलं ते झाकण आपोआप धाडकन आपटून बंद झालं.

आणि आतून मुठी सुरू झाल्या.

प्रफुल मास्तर पंखापाशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं. घरी जाऊन त्याने थर्माकोलची विमानं एका पोत्यात भरली आणि पोतं शेजाऱ्याला देऊन टाकलं. आजही विमानाचा विषय काढला की तो उठून जातो.

उद्घाटन झालं. नारळ फुटला, हार पडले. भाषणाच्या मधोमध धप् धप् झालं, तेव्हा पाहुण्यांनी वळून पाहिलं. गुणवंतराव म्हणाले, "पत्रा हाये साहेब, उन्हानं वाजते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही त्या गर्दीत होतो. आज आठवलं की त्या टाळ्यांची चीड येते.

पुढे प्रफुलने सुचवलं, नंबर पुसून टाकू. सादिकभाईंनी त्याची कॉलर धरली.

"पुसल्यावर साहेब कुठी जातीन? तेवढी एकच जागा भेटली त्याईले, बावा!"

नंबर तसाच राहिला. समितीने झाकणाला पुन्हा रिव्हेट मारले, दुसऱ्या माणसाकडून.

मग पुढच्या वर्षी मे महिन्यात सादिकभाईंनी दाढी काढली.

पाच वेळचा नमाजी माणूस. बायको नाजिया रडली, मशिदीत लोक बोलले. त्यांनी ऐकलं नाही. केस काळे केले. पेटीतून हवाई दलाचे निळे कपडे काढले, पोटावर बसेनात म्हणून शिवण उसवून घातले. शिडी खांद्यावर घेऊन भर उन्हात बगिच्याकडे निघाले.

पोरांनी टाळ्या पिटल्या. "सादिकचाचा हिरो बन गया!"

तेव्हापासून दर मे महिन्यात ते जातात. काचेखाली शिडी लावून ताठ उभे राहतात. पोट आत ओढून, मान वर करून. बाविशीतल्या पोरासारखे.

२००७ साली मी त्यांच्यासोबत गेलो. मला वाटलं, म्हाताऱ्याला उन्हात एकटं कसं सोडायचं.

शिडी टेकली. वरचं आपटणं थांबलं.

"साब, सादिक आया है," ते म्हणाले. आवाजसुद्धा कोवळा काढला होता त्यांनी.

काचेवर वाफेचा एक गोल उमटला. घामाने काळा रंग सादिकभाईंच्या कानशिलांवरून ओघळत होता. तो पुसायला त्यांनी हात वर केला आणि मध्येच थांबवला.

"फिर बूढ़े को भेजा?" आतून आवाज आला.

सादिकभाईंनी शिडी खाडकन आडवी पाडली. दोन्ही मुठी विमानाच्या पोटावर आपटल्या.

"तुम्हारी राह देखते देखते बूढ़ा हुआ, साब! इसी शिडी के पास बैठके!"



आतूनही मुठी सुरू झाल्या. आत एक, बाहेर एक. दोघंही सारख्याच रागाने पत्रा बडवत होते, आणि त्यांच्यामध्ये मला कुठेच जागा नव्हती.

मी दोन गल्ल्या पलीकडे राहतो. दुपारी खिडक्या लावून घेतो.

तरी ऐकू येतं.